भिवराबाईच्या हातावरचं वजन

भिवराबाईच्या हातात काही दिलं की तिच्या तोंडून आधी आकडा निघतो, बाकीचं बोलणं मागून. शेळी असो, तुरीचं पोतं असो, नाहीतर कुणाचं तान्हं. दोन महिन्यांचं पोर हातात घेऊन एका बाळंतिणीला तिनं सरळ सांगितलं, "साडेतीन किलो. दूध पुरंना बघ याला." बाळंतिणीच्या सासूनं नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी आशाताईच्या काट्यावर ते पोर साडेतीनच भरलं, तेव्हा त्याच सासूनं भिवराबाईला चहाला बोलावलं.

ही विद्या तिला कुणी शिकवली नाही. सव्वीस हंगाम ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवल्या. मोळी डोक्यावर घ्यायच्या आधी हातालाच कळावं लागतं, मान धरंल का नाही ते. ज्यांच्या हाताला कळलं नाही त्यांच्या माना आज वाकड्या आहेत. भिवराबाईची मान साठीतही ताठ आहे, आणि स्वभाव मानेसारखाच.

तिचा नवरा उत्तरेश्वर. माळेवाडीत आणि केजकडच्या दहाबारा गावांत त्याला वस्ताद म्हणतात. स्वतःची कुस्ती कधीच सुटली, पण जत्रेत जोड लावावी तर त्यानंच. जोड लावणं म्हणजे कुणी कुणाशी लढायचं ते ठरवणं. पैलवान आखाड्यात हात वर करून फेरी मारतो, कुणीतरी पुढं येऊन त्याचा हात धरतो, मग वस्ताद दोघांना पारखतो. गडी कंबरेला धरून उचलतो, मान चाचपतो, पोटऱ्या बघतो, किती वर्षं तालमीत आहे ते विचारतो. वजनात पाच किलोच्या वर फरक असला की जोड नाही म्हणजे नाही. मग आमदार येऊन उभा राहिला तरी नाही. चाळीस वर्षांत त्यानं लावलेल्या जोडीत कुणाचं हाड मोडलं नाही, आणि हे तो दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगतोच.

कुणी म्हणेल, काटा का आणत नाहीत? आणला होता की! उन्हात तापून त्यानं सरपंचाला एकशे चौदा किलो दाखवलं. तेव्हापासून तो समाजमंदिरात पडून आहे आणि त्याच्यावर आता सतरंज्या ठेवतात.

सहा वर्षांपूर्वी सुंदररावांनी भैरोबाच्या जत्रेत पोरींच्या कुस्त्या सुरू केल्या. सुंदरराव म्हणजे गावातले मोठे जमीनदार, जत्रा कमिटीचे अध्यक्ष, आणि त्यांची पुतणी प्रियदर्शनी लातूरला तालमीत होती, म्हणून हा उत्साह. पण पहिल्याच वर्षी पंचाईत झाली. पोरींना कंबरेला धरून उचलायचं कुणी? उत्तरेश्वर हात मागं बांधून उभा राहिला. "म्या न्हाई बे. लोकांच्या लेकी हायेत." गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "भिवरामावशीला बोलवा!" ती भंडाऱ्याच्या डाळीला फोडणी देत होती. तिला तशीच हळदीच्या हातानं आणली. बाईमाणसाचा पाय आखाड्याच्या मातीला लागायचा नाही अशी रीत होती, तीही त्या दिवशी मोडली, आणि आकाश काही कोसळलं नाही.

तेव्हापासून ठरून गेलं. पोरींना भिवराबाई उचलणार, उत्तरेश्वरच्या कानात आकडा सांगणार, तो भोंग्यावर पुकारणार. तिला तिच्या कामाचा अभिमान होता, का नसावा? वर्षातून एक दिवस का होईना, हजार माणूस तिच्या हाताकडं बघत गप्प बसायचं.

या वर्षी जत्रेला चार दिवस होते. तोडीला गेलेली माणसं ट्रक भरून परत आली होती. भिवराबाई दारात ज्वारी पाखडत बसलेली, तेवढ्यात ऊसतोडीवाल्या परमेश्वराची शिवकन्या आली. उंच पोरगी, सोळा वर्षांची, उन्हानं रापलेली. निळा पंजाबी ड्रेस, वेणीला रिबीन. दोन्ही तळहातांना कोयत्याचे घट्टे.

"वस्ताद हायेत का, मावशी?"

"हाय की. आत चहा पितंय. काय काम काढलंस?"

"माझी जोड लावा म्हणायला आले."

भिवराबाईच्या हातातलं सूप तिथंच थांबलं. या पोरीची नाळ तिनंच कापली होती, कारखान्याच्या तळावर, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत. दोन किलो सातशे, असं तेव्हा सांगितलं होतं. आणि "पोरगा हाय," हेही तिनंच सांगितलं होतं. परमेश्वरानं हौसेनं शिवशंकर नाव ठेवलं. पाचव्या वर्षापासून ते पोर आईचं लुगडं गुंडाळून बसायचं, सगळे हसायचे. दहाव्या वर्षी कुणी हसेना. बाराव्या वर्षी परमेश्वरानं मारलं, चांगलं दोरीनं मारलं, तेही एकदा नाही. पोर रडायचं आणि पुन्हा तेच सांगायचं, मी पोरगी हाय. शेवटी बाप थकला.

मग दोन वर्षांपूर्वी आईची कंबर गेली. तोडीला कोयता लागतो, आणि कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही, एक गडी आणि एक बाई अशी जोडी. बाई नसली तर मुकादम गड्याला नेत नाही. शिवकन्या म्हणाली, मी येते. मुकादमानं वर बघितलं, खाली बघितलं आणि वहीत बाईच्या जागी तिचं नाव घातलं. दर हंगामात सहा महिने तिनं बापाच्या बरोबरीनं ऊस तोडला, पहाटे उठून भाकरी केल्या, आईचे पाय दाबले. तिथं कुणी दाखला मागितला नाही.

उत्तरेश्वर कपबशी हातात घेऊनच बाहेर आला. "कुणाची जोड?"

"माझी. पोरींच्यात."

"शिवशंकर, हे बघ..."

"शिवकन्या म्हणा, वस्ताद."

"बरं, शिवकन्या. तू ल्हान असताना म्या तुला रेवड्यांच्या कुस्तीत खेळवलंय. पोरांच्यात. दोन पोरं पाडली हुतीस तू."

"आठवतंय मला. कुस्तीचा नाद तवाच लागला." ती उंबऱ्याबाहेरच उभी होती. "शाळेत नववीला हुते तवा तालुक्याला नाव द्या म्हणलं. सर चांगले हुते, रागावले न्हाईत. म्हणले, दाखल्यावर मुलगा लिव्हलंय, मुलांच्यात खेळ. मुलांच्यात कशी खेळू? कपडे काढून त्यांच्यापुढं उभी राहू? त्यापेक्षा विहीर बरी."

"आसं वंगाळ बोलू न्हाई," भिवराबाई एकदम म्हणाली.

"मग काय बोलू, मावशी? जत्रंत फॉरम न्हाई, दाखला न्हाई. वस्ताद बघत्यात अन् जोड लावत्यात. म्हून आले. जिंकायचं न्हाई मला. एकदा खेळायचंय."

उत्तरेश्वरनं कपातल्या चहाकडं बघितलं. चहा निवला होता. "बघू," तो म्हणाला. चाळीस वर्षांत 'बघू' हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आला असेल. त्याचं एकतर हो असायचं, नाहीतर नाही.

जाताना शिवकन्या वळून हसली. "मावशी, तुमचं वजन कदी चुकत न्हाई म्हणत्यात. माझ्या टायमाला एक चुकलं बघा तुमचं. वजन सोडून."

"अगं बया!" भिवराबाईनं तोंडाला पदर लावला. हसावं का रडावं ते तिला कळेना.

गाव म्हटलं की भिंतीला कान. संध्याकाळपर्यंत सगळीकडं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायनाबाई आली. तिची दिपाली सोळाची, दोन वर्षं कुस्ती शिकणारी. तिला पोलिसात जायचं होतं. उजाडायच्या आत उठून चौसाळ्याच्या रस्त्यानं पळायची, बायनाबाई हातात काठी घेऊन मागं चालायची, कुत्र्यांसाठी आणि माणसांसाठी.

"भिवराबाई, मी काय वंगाळ बोलायला आले न्हाई," ती बसता बसताच म्हणाली. "शिवकन्या अन् माझी पोरगी एका ताटात जेवलेल्या हायेत. माझ्या घरी ती न्हाणीत केस धुते, मला कायबी वाटत न्हाई. पर कुस्ती म्हंजी ताट न्हाई. अंग लावायचं असतंय. तिनं मोळ्या व्हायल्यात, अन् अंग कुणाचं हाय ते तुमाला ठाऊक हाय. उद्या माझ्या पोरीचा खांदा उतरला तर भरतीत कोण घील तिला?"

"खरं हाय गं," भिवराबाई म्हणाली. आणि तिला ते खरंच वाटलं.

"मग नगं लावू म्हणा वस्तादाला."

"जोड लावणं त्यांचं काम. माझं नुसतं उचलायचं."

हे ती सहा वर्षं म्हणत आली होती, आणि तोवर तिला त्यात काही खोट दिसली नव्हती.

दुपारी सुंदरराव गाडी लावून आले. ते खुर्चीवर बसले नाहीत, म्हणजे काम महत्त्वाचं होतं. "वस्ताद, पोरगी गरीब हाय, कष्टाळू हाय, आपल्याला तिची दया हाय. पण जत्रंत राडा नको. तिनं जर का दिपालीला, न्हाईतर आणखी कुणाच्या पोरीला उचलून आपटलं, तर लोकं तिलाबी सोडायचे न्हाईत अन् परमेश्वरालाबी. पुढच्या साली पोरींच्या कुस्त्याच बंद व्हत्याल. इतक्या मुश्किलीनं सुरू केल्यात."

"मग न्हाई म्हणू का?"

"न्हाई म्हणा असं मी कुठं म्हणलो? उद्या मोबाईलवर कुणी टाकायचं, माळेवाडीनं पोरीला हाकललं. तुमी वस्ताद हाय. काढा काहीतरी मार्ग."

गाडी गेली. मार्ग काढायचा जिम्मा उत्तरेश्वरच्या अंगणात ठेवून गेली. तो दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. भिवराबाईनं एकदाच विचारलं, "काय ठरलं?" तर म्हणाला, "हात कुणी धरला तर बघायचं. न्हाई धरला तर आपसूक मिटलं."

जत्रेच्या दिवशी चार वाजता आखाड्याभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. हलगी कडाडत होती. आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या झाल्या, मग पोरींच्या लागल्या. भिवराबाईनं आठ पोरी उचलल्या, आठ आकडे सांगितले, चार जोड्या लागल्या, चार नारळ वाटले. मग शिवकन्या आखाड्यात उतरली. काळी पॅन्ट, लाल टीशर्ट, वेणी घट्ट वर बांधलेली. हात वर करून तिनं फेरी सुरू केली.

हलगीवाला एक फेरी वाजवत तिच्या पुढं चालला. कुणी हात धरला नाही. दुसरी फेरी. कडेला पोरी बसल्या होत्या, त्या एकमेकींकडं बघत होत्या. एक कुस्ती खेळून बसलेली दिपाली अर्धवट उठली, बायनाबाईनं तिचा दंड धरून खाली बसवली. मागून दोन टवाळ पोरांनी शिट्ट्या मारल्या, एकानं जुनं नाव घेऊन हाक मारली. तिसऱ्या फेरीला हलगीवालासुद्धा ढिला पडला. शिवकन्याचा वर केलेला हात खाली आला नाही. अरे धरा की कुणीतरी, भिवराबाईला ओरडावंसं वाटलं.

तेव्हा प्रियदर्शनी उठली. अठरा वर्षांची, भरल्या अंगाची, राज्यापर्यंत खेळून आलेली. तिची कुस्ती खरं तर शेवटी, बार्शीच्या पोरीशी होती. "मी धरते," ती म्हणाली आणि सरळ आखाड्यात येऊन तिनं शिवकन्याचा हात धरला. सुंदरराव खुर्चीतून पुढं सरकले, पण पुतणीला हजार माणसांत काय बोलणार?

आता उचलायचं. गर्दी एकदम गप्प झाली, आणि त्या गप्प होण्यातला प्रश्न सगळ्यांना ठाऊक होता. शिवकन्याला उचलणार कोण, वस्ताद का मावशी? उत्तरेश्वर जागेवर घोटाळला. एक पाऊल पुढं टाकलं, मागं घेतलं.

भिवराबाईनं पदर खोचला. "सरका," ती नवऱ्याला म्हणाली. "पोरींचं काम माझ्याकडं हाय." तिनं शिवकन्याच्या कंबरेला मिठी घातली आणि उचललं.

उचललं आणि ती चपापली. एवढी उंच पोरगी, आणि हातात नुसत्या बरगड्या! सहा महिन्यांच्या तोडीनं मांस असं ठेवलंच नव्हतं. पण जे होतं ते सगळं चिवट, मोळी बांधायच्या दोरीसारखं. तासाभरापूर्वी दिपालीला उचललं होतं, बावन्न किलो, मऊ आणि निवांत. ही एक्कावन्न. वजनाला दिपालीच हिची जोड, पण वजन सारखं असलं तरी दोघींचा दम सारखा नव्हता. कुणाचा किती कमीजास्त आणि कुठून आलेला, अंगचा का मोळीचा, ते मोजायची विद्या भिवराबाईला येत नव्हती. तिनं मुकाट पोरीला खाली ठेवलं. मग प्रियदर्शनीला उचललं. त्रेसष्ट.

"शिवकन्या एक्कावन्न," तिनं नवऱ्याच्या कानात सांगितलं. "ती त्रेसष्ट. बारा किलोचा फरक. न्हाई बसत."

उत्तरेश्वरनं भोंगा तोंडाला लावला. क्षणभर नुसती घरघर ऐकू आली.

"प्रियदर्शनी त्रेसष्ट किलो," तो म्हणाला. "शिवकन्या अठ्ठावन्न. जोड बराबर!"

भिवराबाईनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. तो तिच्याकडं बघेना. तिच्या हातांना अजून ते एक्कावन्न किलो आठवत होते. बोलावं, आत्ता मोठ्यानं बोलावं, असं जिभेवर आलं. पण बोललं की जोड मोडणार, आणि मोडली की ही पोरगी चौथी फेरी मारणार? शिवकन्या समोर उभी होती, वस्तादाकडं एकटक बघत. मग तिनं वाकून माती घेतली, प्रियदर्शनीच्या हाताला लावली, स्वतःच्या हाताला लावली. भिवराबाई कडेला जाऊन उभी राहिली.

कुस्ती तीन मिनिटांच्या वर चालली. प्रियदर्शनीनं पहिल्याच धडाक्यात पाय ओढून पट काढला, शिवकन्या पडता पडता एका गुडघ्यावर सावरली. लोक "वाऽऽ" म्हणाले. तिला डाव फारसे येत नव्हते, नुसती चिवट होती. एकदा तर तिनं प्रियदर्शनीची मान अशी दाबली की सुंदरराव उठून उभे राहिले. पण बारा किलो ते बारा किलो, आणि सहा वर्षांची तालीम वेगळीच. प्रियदर्शनी मागं गेली, कमरेला विळखा घातला, घिस्सा डाव मारला आणि तिला पालथीची उताणी केली. दोन्ही खांदे मातीला लागले. चितपट!

आणि मग काय सांगावं! शिट्ट्या मारणारेच टाळ्या वाजवायला लागले. "काय भ्यायलो बे उगंच," एकजण म्हणाला, "पोरगीच हाय की!" बायनाबाईनं दिपालीचा दंड सोडला आणि तिलाही हसू आलं. शिवकन्या मातीतच पडून होती, आणि हसत होती. तोंडात माती, डोळ्यात पाणी आणि हसणं थांबेना. प्रियदर्शनीनं तिला हाताला धरून उठवलं. मिळालेला नारळ तिनं तिथंच दगडावर फोडला आणि अर्धी वाटी शिवकन्याला दिली.

आपल्या शेवटच्या कुस्तीच्या तयारीला जाताना प्रियदर्शनी भिवराबाईजवळ थांबली. हळू आवाजात म्हणाली, "मावशी, अठ्ठावन्न? मी रोज अठ्ठावन्नच्या पोरींशी सराव करते. ही लई हलकी लागली मला."

भिवराबाईनं लाजेनं तोंड फिरवलं.

घरी आल्यावर तिनं चूल पेटवली नाही. उत्तरेश्वर ओसरीत बसून पायाची माती झाडत होता, ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"वजन माझं अन् जीभ तुमची. सात किलो कुठनं आणलं?"

"वाईट काय झालं?" तो एकदम चढला. "तिला खेळायचं हुतं, खेळली. बायनाबाईला फिकीर हुती, तिची पोरगी वाचली. सुंदररावाला राडा नको हुता, झाला न्हाई. सगळे खूश! एक्कावन्न म्हणलो असतो तर जोड मोडली असती, मग दिपालीकडं बोट गेलं असतं. लावली असती तू दिपालीची जोड? सांग की!"

"ते मला ठाऊक न्हाई."

"मलाबी न्हाई! म्हून तर..." त्याचा आवाज खाली आला. "म्हणलं, एकदा पडू दे. पडली की लोकं गप बसत्याल. जिंकली असती तर त्याच लोकांनी तिला गावात राहू दिलं असतं का? तिच्या भल्यासाठीच केलं, भिवरे."

"पडायची म्हून ठरवूनच उतरवली की मग. बोकडासारखी."

चाळीस वर्षांत हाड मोडलं नाही हे वाक्य त्या संध्याकाळी त्यानं कुणालाच सांगितलं नाही. भिवराबाईनं त्याला सकाळची शिळी भाकरी वाढली आणि स्वतः जेवली नाही. त्याच्यावर राग होताच, पण जास्त राग स्वतःवर होता. आखाड्यात तिलाही तोंड होतं.

सकाळी सार्वजनिक नळाला पाणी आलं होतं. बाया रांगेत होत्या, बायनाबाईही होती. शिवकन्या रांगेच्या शेवटी, कळशी कमरेवर, दंडावर काळानिळा डाग. भिवराबाई सरळ तिच्यापाशी गेली. रात्रभर मनात घोळवलेलं सगळं बोलणं तिथं पोचेपर्यंत उडून गेलं होतं.

"पोरी, काल तुझी जोड खोटी हुती. तुझं वजन अठ्ठावन्न न्हाई."

"ठाऊक हाय मला," शिवकन्या म्हणाली.

"काय ठाऊक हाय?"

"आईला सोमवारी सरकारी दवाखान्यात नेलं हुतं. तिथं काट्यावर उभी राहिले. एक्कावन्न भरले." तिनं कळशी दुसऱ्या कमरेवर घेतली. "वस्तादांनी अठ्ठावन्न पुकारलं तवाच कळलं, मला पाडायचं ठरलंय म्हून."

भिवराबाई आणखी जवळ सरकली. "मग बोलली कावून न्हाईस गं?"

"बोलले असते तर तिनं हात सोडला असता. दुसरा कुणाचा हात हुता का, मावशी?"

हे ती तक्रारीनं म्हणाली नाही. नळाला पाणी किती वेळ राहील हे सांगावं तसं म्हणाली. भिवराबाईला तिथंच रडू फुटलं. साठ वर्षांची बाई, चारचौघीत, पदर तोंडात कोंबून रडली. "चुकलं माझं. म्या बोलायला पायजे हुतं. म्हाताऱ्याची जीभ घसरली, पर माझे हात तर बराबर हुते."

"रडू नका हो मावशी. लई मजा आली मला, खरंच."

"पुढल्या साली म्या त्यो काटा काढायला लावते समाजमंदिरातला. दुरुस्त करून आणायला लावते केजहून. माझ्या हातावर नको अन् त्यांच्या जिभंवर तर बिलकूल नको."

"काटा नको," शिवकन्या म्हणाली. "काटा आला की मागून फॉरम येतंय, फॉरम आलं की दाखला. तुमीच उचला. हातावरच करा वजन. फकस्त सांगताना खरं सांगा. जोड न्हाई बसली तर न्हाई म्हणा. मी माघारी जाईन, पर खरं सांगा."

रांगेतल्या बाया नळ सोडून बघत होत्या. बायनाबाईची घागर भरून वाहत होती, तिचं लक्ष नव्हतं. भिवराबाईनं डोळे पुसले, पदर खोचला.

"कळशी ठेव खाली."

"आता? हितं?"

"ठेव म्हणते ना."

शिवकन्यानं कळशी ठेवली. भिवराबाईनं तिच्या कंबरेला मिठी घातली, पाय घट्ट रोवले आणि तिला जमिनीवरून वर उचलून धरलं, कालच्यापेक्षा जास्त वेळ.

"एक्कावन्न!" ती ओरडली. एवढ्या मोठ्यानं, की पलीकडं पारावर बसलेल्या माणसांनी माना वळवल्या, आणि त्यांच्यात उत्तरेश्वर होता. "ऐकलं का समद्यांनी? शिवकन्या परमेश्वर, एक्कावन्न किलो! काल अठ्ठावन्न सांगितलं ते खोटं हुतं!"

उत्तरेश्वरनं डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि खाली बघत बसला. नळापाशी बायनाबाईनं वाहती घागर बाजूला ओढली.

"एक्कावन्न," ती स्वतःशीच म्हणाली. "म्हंजी माझ्या दिपालीपेक्षा एक कमी." कपाळावर आठी घालून ती बराच वेळ शिवकन्याकडं बघत राहिली.

भिवराबाईनं पोरीला खाली ठेवलं. शिवकन्यानं कळशी उचलली आणि नळाला पाणी जायच्या आत रांगेत आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.